प्रकाशावर चालणारं नॅनो कोटिंग दवाखान्यात मारून घ्यावं का?

दाढदुखी_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. परवा एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा फवारा आहे. भिंती, खुर्चीचं रेक्झिन, काउंटर, दाराच्या मुठी, सगळीकडे एकदा मारून घेतला की वर्षभर नुसत्या प्रकाशावर जंतू मरत राहतात, असं त्याचं म्हणणं. पत्रकावर ९९.९ टक्के छापलंय, सोबत एका लॅबच्या रिपोर्टची झेरॉक्स आहे. भाव चौरस फुटावर, आणि एकूण रक्कम मला सहज परवडण्यातली नाही.

तरी मोह होतोय. स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) करताना तुषार कुठवर उडतात ते मी रोज बघते. खिडकी एकच आहे, तीही उत्तरेला. बाकी सगळा उजेड एलईडीचा. आमची असिस्टंट विचारते, "मॅडम, मग रोजचं पुसणं बंद का?" तिला काय सांगू? कुणी वापरलंय का हे?

अगारप्लेट

डॉक्टर, कोटिंग घ्या किंवा नका घेऊ, पुसणं चालूच राहणार असं तिला आजच सांगून टाका.

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. असली कोटिंग मारलेले तुकडे आमच्याकडे तपासायला येत असतात. मुळात हे शास्त्र खरं आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पदार्थाला प्लॅटिनमची जोड देऊन जिवाणू मारले. जपानमध्ये पुढे त्याच्या टाइल्सही निघाल्या.

मला राग येतो तो एवढ्याचाच, की विकणारे "प्रकाश" म्हणतात आणि पुढे सरकतात. कुठला प्रकाश? या पदार्थाचं ॲनाटेज हे रूप सहसा वापरतात. त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पट्ट्यात ढकलायला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लांबीच्या लहरी. हा झाला अतिनील. तुमच्या पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्यातून अतिनील जवळजवळ बाहेर पडतच नाही. दिवसभर दिवे चालू ठेवलेत तरी त्या कणांच्या हिशेबी खोलीत अंधारच. उत्तरेच्या खिडकीतून थोडा येईल, पण तो खिडकीच्या कट्ट्यापुरता. खुर्चीपर्यंत पोचतो तो नावालाच.

अतिनील मिळाला असं धरून चालू. मग पृष्ठभागावर पाणी आणि ऑक्सिजन यांच्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ते जिवाणूचं आवरण जाळत आत शिरतात, आणि हे घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतात, म्हणून त्यांना दाद न देणारा जिवाणू सहजी तयार होत नाही. अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर काम करणारे लोक या तंत्रावर इतका जीव लावून बसलेत ते यासाठीच, आणि त्यांचं बरोबर आहे. पण हा रॅडिकल नॅनोसेकंदात संपतो. तेवढ्या वेळात तो काही नॅनोमीटरच सरकतो, आणि जिवाणू स्वतः हजारभर नॅनोमीटरचा. म्हणजे जिवाणू कोटिंगला चिकटलेला असेल तरच मरणार. मध्ये वाळलेली लाळ, रक्ताचा शिंतोडा किंवा पॉलिशिंग पेस्टचा थर आला की खालच्या कोटिंगचा वरच्या जिवाणूला काही उपद्रव नाही. दातांच्या दवाखान्यात नेमके हेच थर बसतात.

आता तो रिपोर्ट काढा आणि त्यावर चाचणीच्या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ) नंबर कुठला आहे ते बघा. आयएसओ २७४४७ असेल तर चाचणी अतिनीलखाली झाली. आयएसओ १७०९४ असेल तर घरातल्या दिव्यांच्या उजेडात झाली, आणि तुम्हाला उपयोगाची हीच. आयएसओ २२१९६ असेल, तर त्या पद्धतीत प्रकाशाचा काही संबंधच नाही. तुकड्यावर जिवाणूंचं पाणी टाकून वर प्लॅस्टिकची फिल्म झाकतात आणि ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांवर आर्द्रतेत २४ तास ठेवतात. तुमच्या काउंटरवर असा दमट, उबदार दिवस कधी उजाडत नाही.

आणि अंधारातला नमुना केला होता का, ते विचाराच. आम्ही एकाच टाइलचे पाच सेंटिमीटरचे चौकोन कापतो. काही दिव्याखाली जातात, काही ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून त्यांच्या शेजारीच ठेवतो, म्हणजे तापमान तेच राहतं. बिनकोटिंगचे तुकडेही दोन्हीकडे असतात, कारण नुसता अतिनीलसुद्धा जिवाणू मारतो. मग प्रत्येक तुकड्यावर उरलेले जिवाणू धुऊन अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरतो. दुसऱ्या दिवशी प्लेटी काढल्या की एक नजर पुरते. फॉइलमधल्या तुकड्याच्या प्लेटवर कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) एकीला एक चिकटून पांढरट साय धरल्यासारख्या दिसतात. दिव्याखालच्या तुकड्याच्या प्लेटवर मोजता येतील इतक्याच, सुट्या सुट्या. हा फरक दिसला तर प्रकाशाने काम केलं. नाही दिसला, तर जंतू कशाने मेले ते शोधायचं.

राईनकाठी

अगारप्लेट यांनी नीट सांगितलंय. मी जर्मनीत याच पदार्थांच्या रसायनशास्त्रात काम करतो, थोडी भर घालतो.

दृश्य प्रकाशात चालणारे पदार्थ आहेत. २००१ मध्ये जपानी गटाने टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन घालून त्याची झेप निळ्या रंगापर्यंत नेली. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडला २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, म्हणजे सुमारे ४६० नॅनोमीटर. एलईडीचा निळा भाग त्याला चालतो. तेव्हा विक्रेत्याला विचारा, नुसतं टायटॅनियम डायऑक्साइड आहे की आणखी काही? त्याला उत्तर देता आलं नाही तर तिथेच थांबा.

दुसरं, फवारताना उडणाऱ्या धुक्याकडे दुर्लक्ष करू नका. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने '२ ब' गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांत, ठेवलंय. भिंतीवर पक्क्या बसलेल्या थराची ती गोष्ट नाही, पण फवारा मारणाऱ्या पोराच्या नाकातोंडावर चांगला मास्क हवा.

मिरजवाला

मुठींना तांबं किंवा पितळ लावलं तर? आमच्या आजीच्या घरी सगळ्या कड्या पितळीच होत्या.

अगारप्लेट

मुठींपुरता विचार चांगला आहे, दादा. तांब्याला प्रकाश लागत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदणी केली, ती दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरतात या आधारावर. मात्र त्याच्यावरही मळ बसू द्यायचा नाही, आणि लॅकर तर अजिबात मारायचं नाही. लॅकर मारलेलं पितळ जंतूंच्या दृष्टीने प्लॅस्टिकच.

दाढदुखी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला. नंबर २२१९६ आहे. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस, २४ तास. प्रकाशाचा उल्लेख कुठेच नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, प्रकाशात याहून जास्तच मरतात."

अगारप्लेट

मग त्याला पुढचं विचारा, डॉक्टर. शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड अंधारात जवळजवळ काहीच करत नाही. अंधारात ९९.९ टक्के मेले असतील तर त्या फवाऱ्यात चांदी, तांबं, जस्त किंवा क्वाटर्नरी अमोनियमसारखं जंतुनाशक रसायन, असं काहीतरी आहे, आणि जंतू त्यानेच मेले. तसं असायला हरकत नाही, पण मग त्या घटकाचं नाव, त्याचं प्रमाण आणि रोज हायपोक्लोराइटने (ब्लीचने) पुसल्यावर तो किती दिवस टिकतो हे लेखी हवं. हे लेखी मिळेपर्यंत पैसे देऊ नका. त्याच पैशांत चांगला हाय व्हॅक्यूम सक्शन बसवा. तुषार उडतात तिथेच ओढून घेतले तर भिंतीपर्यंत जायला उरतं किती?

प्रकाशाने जंतू मारण्याची तुम्हाला ओढच असेल, तर तुमच्याच शाखेत त्याची रीतसर जागा आहे. हिरडीच्या खिशात, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत, मेथिलीन ब्लू हा निळा रंग सोडून ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल लेझर काही काळ द्यायचा. रंग प्रकाश शोषतो, आजूबाजूच्या ऑक्सिजनला चेतवतो आणि तो ऑक्सिजन जिवाणूंना मारतो. याची मूळ कल्पना १९०० सालची, म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांना ॲक्रिडीन रंगाच्या पाण्यातले पॅरामेशियम उजेडात मरताना दिसले तिथली. आता तोच रंग नॅनोकणांत भरून खिशात जास्त वेळ टिकवण्याचे प्रयोग चाललेत. तिथे दिवा तुमच्या हातात असतो, तरंगलांबी ठाऊक असते आणि किती सेकंद द्यायचा ते तुम्ही ठरवता. स्केलिंग आधी करायचंच, हे त्याच्या जोडीला. तुमच्या पेरिओच्या (हिरड्यांच्या आजारांच्या) सरांना विचारून बघा, त्यांनी हाताळलं असेल.