शिखर समित्यांनी राज्यभर एकत्र यायचं, तर सुरुवात कुठून?

रायझिंग_मेन (प्रश्न):
शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या पाच प्रादेशिक नळयोजनांच्या शिखर समित्या (सगळ्या गावांची मिळून योजना चालवणाऱ्या समित्या) एकत्र येऊन राज्यातल्या बाकीच्यांना हाक द्यायच्या विचारात आहेत. मागण्या तीन: पाणीपुरवठ्याच्या विजेचा दर उतरावा, धरणातलं आरक्षण टिकावं, देखभालीला दरवर्षी ठरलेला निधी मिळावा. आमची योजना 14 गावांची, लोकसंख्या 28,000, नळजोड सुमारे 5,600, उचल रोज 18 लाख लिटर, एकूण हेड (पंपाने पाणी चढवायची उंची, वाहिनीतल्या घर्षणासकट) 110 मीटर. आधी संस्था नोंदवावी का? निवेदन कुणाकडे? आणि इथे 14 गावांचंच पटत नाही. वरची गावं टाक्या तुडुंब भरून घेतात, शेपटाकडची बिल भरत नाहीत. मग राज्य कसं जोडायचं?

जॅकवेल:
शेवटचा प्रश्न आधी सोडवा. शेपटाकडचं गाव पैसे देत नाही, कारण पाणी किती आलं याचा पुरावा कुणाकडेच नसतो. प्रत्येक गावाच्या टाकीच्या इनलेटवर बल्क मीटर (गावाला आलेलं एकूण पाणी मोजणारं) बसवा आणि खर्चाचे दोन भाग करा. स्थिर खर्च (पगार, विजेच्या मंजूर क्षमतेवरचा मागणी आकार, दुरुस्ती निधी) लोकसंख्येच्या प्रमाणात, पाणी आलं काय न आलं काय. चल खर्च (विजेची युनिट, तुरटी, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर) मीटरच्या आकड्यावर. सगळा खर्च मीटरवर टाकलात, तर ज्या गावात चांगली विहीर आहे ते पावसाळ्यात पाणीच घेत नाही आणि ऑपरेटरचा पगार उरलेल्यांच्या अंगावर पडतो. सगळा लोकसंख्येवर टाकलात, तर वरच्या गावाला व्हॉल्व्ह बंद करायचं कारणच उरत नाही.

मीटर वाहिनीच्या मापाने घेऊ नका, प्रवाहाच्या मापाने घ्या. 1,800 वस्तीचं गाव, माणशी 55 लिटर म्हणजे 99,000 लिटर. सहा तासांत टाकी भरायची तर ताशी साडेसोळा घनमीटर. त्याला 50 मिमी मीटर पुरतं. वाहिनी 80 ची म्हणून मेकॅनिकल मीटरही 80 चं बसवलं, तर बारीक धार ते मोजतच नाही.

ठरलेलं सगळं गावं आणि शिखर समिती यांच्यातल्या करारात येऊ द्या आणि 14 ग्रामसभांचे ठराव त्याला जोडा.

केव्हीए:
विजेचा दर मंत्रालयात ठरत नाही, वीज नियामक आयोग ठरवतो. मंत्र्यांना निवेदन दिलं की फोटो छान निघतो, दर तिथेच राहतो. महावितरणची दर याचिका दाखल झाली की आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. सार्वजनिक पाणीपुरवठा हा वेगळा ग्राहकवर्ग आहे, त्या वर्गाच्या नावाने लेखी हरकत द्या. संस्था नोंदलेली नसली तरी चालतं. चाळीस ग्रामपंचायतींनी आपापल्या ठरावासह एकाच मजकुराची, एकाच तक्त्याची हरकत दिली की ती नजरेत भरते. नोंदणीच्या नादात सहा महिने जातात आणि सुनावणी निघून जाते.

पण तक्ता हवा, आणि सगळ्यांचा एकसारखा. माझ्या मते एकच माप धरा: हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला किती युनिट. अजिबात नुकसान नसेल तर 0.27 लागतात. पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के असेल तर 0.45. आकडा 0.6 झाला तर दोष दरात नाही, पंपात आहे: इम्पेलर (पंपातला पंखा) झिजलाय, फुटव्हॉल्व्ह (शोषण पाइपच्या तळाची झडप) गळतोय किंवा पंप चुकीच्या हेडचा आणलाय.

तुमचंच बघा. 110 मीटरला 60 टक्क्यांवर हजार लिटरला अर्धा युनिट, रोज 900, महिन्याला 27,000. दर एक रुपयाने उतरला तर महिन्याला 27,000 रुपये वाचतील, नळजोडामागे पाच रुपयेसुद्धा नाहीत. कार्यक्षमता 45 वर घसरली तर महिन्याला 9,000 युनिट जास्त जातात, म्हणजे दर एक-तृतीयांश वाढल्यासारखंच. आयोगापुढे जायच्या आधी हे तपासा, नाहीतर समोरून हाच प्रश्न येईल. मंजूर केव्हीए, म्हणजे महावितरणकडून घेतलेली विजेची क्षमता, तीसुद्धा बघा. जादा घेऊन ठेवले असतील तर मागणी आकार फुकट जातो, कमी असतील तर दंड लागतो.

बंधित_अबंधित:
निधीची मागणी मोघम ठेवू नका. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) ग्रामपंचायत निधीत 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरता येणारा) होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी, आणि त्यात देखभाल-दुरुस्ती बसत होती. महाराष्ट्रात वाटप ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असं 80:10:10 होतं. गोम इथे आहे: पैसा 14 खात्यांत येतो आणि खर्च एका पंपहाऊसवर होतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यातच ‘शिखर समितीला वर्ग’ अशी रक्कम धरायला लावा. आराखड्यात नसलेलं काम नंतर घुसवणं अवघड जातं.

जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळाची केंद्राची योजना) केंद्र-राज्य वाटा 50:50. लोकवर्गणी 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर 5), पण ती गावांतर्गत कामांच्या खर्चावर. जॅकवेल (पाणी उचलायची विहीर) आणि मुख्य वाहिनीवर नाही. अंदाजपत्रकात दोन भाग वेगळे दाखवले नसतील तर आधी ते मागा. 2025 च्या अर्थसंकल्पात मिशन 2028 पर्यंत वाढवताना भर देखभालीवर असल्याचं म्हटलंय. तुमच्या मागणीला याच वाक्याचा आधार घ्या.

गोदाकाठ:
आरक्षणाबद्दल. धरणाच्या पाण्याचे दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं (ठोक जलप्रशुल्क), तिथेही हरकती मागवतात. तुमच्यापैकी किती योजनांचा पाटबंधारे विभागाशी चालू करारनामा आहे ते मोजा. मुदत संपलेली असेल तर आरक्षणावर भांडायला हातात कागदच नाही.

टंचाईचा नियम मात्र पाऊस असताना लिहा. जायकवाडीच्या वादात 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम होतंच, तरी वरच्या धरणांतून पाणी कधी सोडायचं हे आकड्यात यायला मेंढेगिरी समिती (2013) आणि प्राधिकरणाचा 2014 चा आदेश लागला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या रेषेखाली असेल तर वरून पाणी सोडायचं. आकडा आला म्हणून भांडण मिटलं नाही, पण निदान कशावर भांडायचं ते कळलं. तुमच्या योजनेत तसंच करा. सकाळी सहाला एमबीआर (सगळ्या गावांना पाणी जाणारी मुख्य टाकी) निम्म्याखाली असेल तर सगळ्या गावांचे तास सारख्या टक्क्याने कमी, आणि भरणी शेपटाकडून सुरू.

रायझिंग_मेन:
नोंदणी मागे ठेवतो, तक्ता आधी. एक शंका: दोन गावांत मेकॅनिकल मीटर आहेत. दिलेल्या पाण्यापेक्षा ती जास्त आकडा दाखवतात. गावं म्हणतात, मीटर खोटं.

जॅकवेल:
गावं बरोबर असू शकतात. वाहिनी रोज रिकामी होते, पाणी सोडलं की पुढची हवा पंखा गरगर फिरवते. मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह बसवा. मीटर वाहिनीच्या खालच्या भागात, म्हणजे ते कायम भरलेलं राहील. आधी व्यासाच्या दहा पट आणि नंतर पाच पट सरळ पाइप. टाकीचं माप घेऊन दोन्ही गावांच्या लोकांसमोर एकदा भरून दाखवा, पातळी किती चढली आणि मीटर किती फिरलं ते. फरक निघाला तर मागच्या दोन महिन्यांचं बिल दुरुस्त करा, मगच पुढची बैठक बोलवा.