चार्जिंग व्होल्टेज १३.१ ते १४.९ नाचतंय: अल्टरनेटर बदलू की आधी काही तपासू?

काजूबाग (गुहागर)
मंडळी, सल्ला हवा आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, हायब्रिड नाही. लायटर सॉकेटमधला मीटर कधी १३.१ दाखवतो, तर कधी एकदम १४.९. हेडलाइटही त्याबरोबर मंद-प्रखर होतात. पाऊस लागल्यापासून जास्तच. बॅटरी एका वर्षाची आहे. चावी फिरवली की चार्जिंगचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. गॅरेजमध्ये थेट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला म्हणाले. बदलावा का? घरी मल्टिमीटर आहे.

खाडीपलीकडे (दाभोळ)
आत्ताच बदलू नका. आधी तो सॉकेटमधला मीटर बाजूला ठेवा. त्याच्या वाटेत फ्यूज, स्विच आणि चारदोन कनेक्टर येतात, तिथे पडलेला अर्धा व्होल्ट चार्जिंगच्या नावावर जातो. मल्टिमीटर २० डीसीवर ठेवून प्रोब थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेका, क्लॅम्पवर नको. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवेत. १२.२ आले तर बॅटरी निम्मी रिकामी आहे, आधी चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढची मापं फसवतील. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत.

खरी चाचणी ड्रॉपची, म्हणजे वायरीत आणि जोडांत किती व्होल्ट वाया जातात त्याची. हेडलाइट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं चालू करा आणि कुणाला तरी २००० आरपीएम धरून ठेवायला सांगा.
– अल्टरनेटरच्या जाड वायरीचा बोल्ट ते बॅटरीचा प्लस खुंट: ०.३ च्या आत.
– अल्टरनेटरची उघडी बॉडी ते मायनस खुंट: ०.२ च्या आत, ०.१ असेल तर उत्तम.
तो जाड बोल्ट इंजिन बंद असतानाही लाइव्ह असतो. तिथे पाना लावायचा तर आधी मायनस सोडा. आणि मीटरच्या वायरी इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब.

किनाऱ्यावरच्या गाड्यांत माझा पहिला संशय दुसऱ्या मापावर असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे परतीचा जवळपास सगळा करंट एकदोन अर्थिंग पट्ट्यांतूनच (मायनसकडे जाणाऱ्या जाड केबल) येतो. खारी ओल लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्र्याच्या मध्ये शिरते, आतून गंज धरतो, पण वरून बोल्ट घट्टच वाटतो. धोपावे-दाभोळ फेरीबोटीने गाडी नेहमी येत-जात असेल तर खालून खारे तुषार लागतच राहतात.

काजूबाग
मापं घेतली. उभ्या गाडीत १२.५. सगळा लोड चालू असताना खुंटांवर १३.४ ते १४.८, स्थिर नाही. प्लसचा ड्रॉप ०.१२. मायनसचा ०.४८, आणि पट्टी हाताने हलवली की बदलतो.

खाडीपलीकडे
अर्थिंग सापडलं. पण नुसत्या खराब अर्थिंगने बॅटरीवर व्होल्टेज कमी पडतं, १४.८ पर्यंत चढत नाही. अल्टरनेटरला दोन-तीन पिनांचा छोटा प्लग आहे का? त्यात सेन्सची वायर असेल तर ती बघा.

मीटर_मालवण
सहमत. सेन्स वायर रेग्युलेटरला (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) सांगते की बॅटरीवर किती व्होल्ट आहेत. तिच्या पिनवर हिरवट गंज चढला की रेग्युलेटरला खऱ्यापेक्षा कमी दिसतात आणि तो जास्त ढकलतो. अर्थिंग खाली ओढतं, सेन्स वर ढकलतं, त्यात खड्ड्यांनी दोन्ही जोड हलतात. प्लग न काढता मागून बारीक टाचणी घालून सेन्स पिन ते बॅटरी प्लस मोजा. ०.१ च्या वर गेलं तर पिन साफ करा. कोणती वायर सेन्सची हे गाडीच्या वायरिंग नकाशावरून ठरवा, रंगावरून अंदाज नको.

दुरुस्ती अशी. बॅटरीचा मायनस आधी सोडा, जोडताना तो शेवटी. पट्टीची दोन्ही टोकं काढून लग आणि बॉडीची जागा १२० नंबर पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, रंगसुद्धा काढा. मग लगजवळ इन्सुलेशन दोन इंच सोला. आतलं तांबं काळं पडलं असेल तर घासून उपयोग नाही, खारेपणा तारेतून आत चढलेला असतो. २५ स्क्वेअर एमएमची नवी तांब्याची केबल घ्या, लग हातोडीने चेपू नका, क्रिंपिंग मशीनवर दाबून घ्या. बोल्ट कसल्यावर मग वरून व्हॅसलीनचा थर द्या. खुंटांवरची पांढरी पावडर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.

काजूबाग
आणि एवढं करूनही नाचलं तर?

मीटर_मालवण
तर अल्टरनेटर. मीटर एसीवर घेऊन खुंटांवर मोजा. ०.१ च्या आत ठीक, ०.५ च्या पुढे गेलं तर डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय. एसी नीट असून डीसी हलत असेल तर कार्बन ब्रश बघा. ५ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर ते स्लिप रिंगवर (ब्रश ज्यावर घासतात ती फिरती कडी) उड्या मारतात. बऱ्याच मॉडेलना ब्रश आणि रेग्युलेटरचा एकच सेट मिळतो, बेरिंगचा आवाज नसेल आणि रिंगवर खोल चर नसेल तर पूर्ण अल्टरनेटर घेऊ नका. चर असेल तर वाइंडिंगवाल्याकडे रिंग बदलून मिळते. पावसात चालू करताना किंचाळी आली तर पट्टा घसरतोय, तो आधी.

खाडीपलीकडे
धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: मायनस टर्मिनलवर छोटा करंट सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच व्होल्टेज १२.५ ते १५ मध्ये हलवतो. ब्रेक दाबताना वाढवतो, वेग घेताना कमी करतो. तो बिघाड नाही. अशा गाडीत जादा अर्थिंग थेट खुंटावर जोडू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीवर जोडा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

काजूबाग
केबल आणि लग आज आणतो. जोडल्यावर चारही मापं इथेच टाकतो.