मदत हवी आहे : थायलंडचा निवृत्ती व्हिसा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं साताऱ्याचे, साठी ओलांडलेली. मुलगा बँकॉकला नोकरीला आहे, म्हणून तिकडेच निवृत्ती व्हिसावर राहायचा विचार चालू आहे. पन्नाशीची अट आहे, ती कधीच पार केली! तिथे काम करता येत नाही, दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, तेही समजलं.

घोडं अडलंय पैशापाशी. ८ लाख बाट बँकेत दाखवा किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न. आमची पेन्शन त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणजे ठेवच दाखवायची. ती आमच्या दोघांच्या नावावर आहे. संयुक्त खातं चालतं का, की प्रत्येकाची रक्कम वेगळी लागते? एजंट रोज नवीन सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

दुसरं, पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून काढलेला चालतो ना? आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तिकडून मोबाईलवर चेहरा दाखवून कुणी दिलाय का?

सातारा-सांगलीकडच्या कुणी स्वतः अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर सांगा. ऐकीव माहिती नको.