केकपेक्षा चेरी भारी

लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीच्या 'फ्रॉम सूप टू नट्स' (१९२८) मध्ये हार्डी केकमध्ये तोंडावर आपटतो, त्यावर भरपूर लिहून झालंय. हसू येतंच. पण माझ्या मते बाजी मारते ती यजमानीण झालेली नटी, अनिता गार्विन. नवश्रीमंत बाई, बड्या लोकांना जेवायला बोलावलेलं, आणि बशीतली एक चेरी काही केल्या चमच्यात येत नाही! चेरी निसटते, डोक्यावरचा मुकुट घसरून डोळ्यांवर येतो. तो वर सारायचा, कुणी बघितलं नाही ना याचा अंदाज घ्यायचा आणि परत चेरीच्या मागे. चेहरा मात्र शेवटपर्यंत खानदानी. मूकपट आहे, पण इथे पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या पाटीची गरजच पडत नाही.

दिग्दर्शक एडगर केनेडी स्वतः विनोदी नट, हळूहळू तापत जाणाऱ्या माणसाच्या भूमिकांत पटाईत. कदाचित म्हणूनच त्याने तिला घाई करू दिली नसावी.

हे आवडलं असेल तर 'अ चंप ॲट ऑक्सफर्ड' (१९४०) बघा, पण लांब आवृत्तीच. सुरुवातीला हीच मेजवानी बोलपटात पुन्हा येते, यजमानीणही गार्विनच, आणि लॉरेल चक्क मोलकरणीच्या वेशात. तरी चेरीची सर नाही त्याला.