माणशी ७४ हजार खर्च म्हणतात, खात्यात ४१ येतात. मधले कुठे जातात?

बॉडीशॉप_चाकण:
नमस्कार. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, पर्मनंट, अकरावं वर्ष. वेतनकराराची बोलणी चालू आहेत. परवा व्यवस्थापनाने आकडा मांडला: कामगारामागे महिना ७४ हजार. माझ्या खात्यात ४१ येतात. रात्री बायको पावती घेऊन बसली, तरी हिशेब जुळेना. जाणकारांनी समजावून सांगावं.

टाइमऑफिस_पिंपरी:
दादा, आधी तुमची कपात मिळवा: पीएफचे १२ टक्के, प्रोफेशनल टॅक्स, सोसायटीचा हप्ता. तो तुमचाच पगार. मग कंपनीचे पीएफचे १२ टक्के आणि ग्रॅच्युइटी. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे बेसिक-डीएच्या ४.८१ टक्के. बेसिक-डीए २५ हजार असेल तर दोन्ही मिळून ४,२०० च्या आसपास. पुढे बोनस, मेडिक्लेम, बस, कॅन्टीन, बूट.

खरी मेख भागाकारात असते. २००८ साली जनरल मोटर्स बुडायला आली तेव्हा तिथला कामगार तासाला ७० डॉलर घेतो अशी ओरड झाली. मजुरी होती २८ च्या आसपास. बाकीच्यात भत्ते, विमा, पेन्शन, आणि निवृत्त झालेल्यांच्या औषधपाण्याचाही खर्च. तो सगळा लाईनवर उरलेल्यांच्या तासांनी भागला होता. माणसं घटली की कुणाला दमडी न वाढवता आकडा फुगतो. २७ वर्षं टाइम ऑफिसला काढली, आपल्याकडेही हे पाहिलंय. बसचा खर्च स्टाफसकट धरून नुसत्या कामगारांच्या संख्येने भागलाय का, ते विचाराच.

ठेका_महाळुंगे:
मी ठेकेदाराकडून लाईनवर आहे. पर्मनंट दादांच्या शेजारचंच स्टेशन, तेच स्पॉट वेल्डिंग. ईएसआय, पीएफ जाऊन साडेसोळा हातात. माझा पगार त्या ७४ मध्ये धरलाय का?

टाइमऑफिस_पिंपरी:
ताई, बहुतेक नाही. ठेकेदाराचं बिल पुष्कळदा पगारखर्चात न धरता इतर खर्चात पडतं. म्हणून कंपन्यांची तुलना करताना एका गाडीमागे एकूण मजुरी किती, ठेक्यासकट, तेच बघावं.

बॉडीशॉप_चाकण:
काका, उपकार झाले. शुक्रवारी बैठक आहे. बाबवार तक्ता लेखी मागतो, ठेक्याचं बिल धरून. ताई, तुमचा प्रश्न मी तिथे मांडतो.