ऑफरोडिंगच्या व्हिडिओंना नावं ठेवणाऱ्यांसाठी (जरा चिडूनच लिहितोय)

घाटवाट:
काल इथेच एकाने टाकलं, "मराठी ऑफरोडिंगचे व्हिडिओ बघवत नाहीत, दहा मिनिटं चाकं जागेवर फिरतात आणि शेवटी दोरीने ओढतात." बाबा रे, एकदा कॅमेरा घेऊन ये. मुळशीकडच्या एका चढाला माझी थार (२०२० वाली) आधी अडली, मग मागे घसरली, बायकोने डोळे मिटले, माझ्या हातातलं स्टिअरिंग घामाने ओलं. घरी येऊन बघतो तर तो चढ सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प! वाइड अँगलमध्ये चढ सपाटच दिसतो. कॅमेरा गुडघ्याखाली धरायचा, बाजूला एक माणूस उभा करायचा, मग कुठे अंदाज येतो. पण त्यासाठी गाडीतून उतरा, ट्रायपॉड लावा, परत चढा, तोवर मागचे हॉर्न मारतात. आणि ड्रोन उडव म्हणणाऱ्यांनो, २४९ ग्रॅमचं ते खेळणं, जुलैतला घाटातला वारा, बाकी तुम्हीच समजा.

लो_रेंज:
ते टाकणारा मीच. चढ सपाट दिसतो हे रडगाणं ठेव बाजूला. थंबनेलवरच "गाडी अडकली" लिहितोस, मग बघायचं काय? टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयला आणली की तीच गाडी त्याच चिखलातून कशी सुटते, एवढं एक नीट दाखव, शेवटपर्यंत बघतो. तू तिथे नेमकं ढँण ढँण म्युझिक टाकतोस, इंजिनचा आवाज ऐकूच येत नाही.

घाटवाट:
इंजिनचा आवाज ठेवला तर माइकमध्ये नुसता वारा येतो. करून बघ.

जिम्नीवाला:
बाराशे किलोच्या आसपासची जिम्नी घेतली असती तर अडकलीच नसती 😄

लो_रेंज:
आला हा. प्रत्येक धाग्यात येतो.

सड्यावरचा:
तुमचं चालू द्या, पण गेल्या जुलैत आमच्या खाचराचा बांध तीन गाड्यांनी फोडला. चिखलणी करून ठेवलेली, दुसऱ्या दिवशी लावणी, यांना वाटलं ट्रॅक! काकू बांधावरून ओरडत हात हलवतेय तर आतला पोरगा तिला उलट टाटा करतोय, मोबाईल चालूच. सगळं पाणी खालच्या खाचरात. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेले, सीतेची आसवं फुलतात तिथे अजून चाकोऱ्या आहेत.

घाटवाट:
वाईटच झालं, पण व्हिडिओच्या विषयात बांध कुठून आला?

सड्यावरचा:
तुमच्या लोकेशन टॅगवरून आला.

घाटवाट:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्या ग्रुपमध्ये गावात विचारल्याशिवाय गाडी उतरत नाही.

सड्यावरचा:
विचारता कोणाला? ज्याचं शेत त्याला, का टपरीवर चहा पिताना भेटेल त्याला?

लो_रेंज:
बीचवाले तर अजून भारी. ओहोटीला रीळ काढायला जातात, भरतीला ट्रॅक्टर शोधतात. ओढून काढायचे पाच हजार सांगितले तर म्हणे कोकणात लुटतात. माझ्या मामाचाच ट्रॅक्टर, लुटतोच तो, बरं करतो.

जिम्नीवाला:
इथे मात्र मान्य, वाळूत जिम्नी पण बसते. माझी बसली होती. मामांना नमस्कार सांगा.

घाटवाट:
बरं, विचारलं होतं टपरीवरच. झालं समाधान? आज रात्री सगळ्या व्हिडिओंमधली लोकेशनं काढतो. व्ह्यूज पडले तर तुम्ही बघा मग बसून.

सड्यावरचा:
मी आधीपासूनच बघतो. तुमचा एकही व्हिडिओ सोडलेला नाही, ॲडसुद्धा स्किप करत नाही. त्या तीन गाड्यांचे नंबर शोधतोय.