कॅराव्हॅन थंडीभर उभी ठेवायचीय, अँटीफ्रीझ कुठं मिळेल?

जुळे सोलापूरकर: भावाची जीपमागं ओढायची छोटी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मार्चपर्यंत माझ्या दारात आहे. अमेरिकेतले व्हिडिओ म्हणतात, पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, भरा. इथं मिळेल का?

होटगी रोड गॅरेजवाला: अहो दादा, पैसे वाचवा. तिकडं पारा शून्याखाली जातो, पाणी गोठून फुगतं आणि पाइप फुटतात. सोलापुरात कसली आलीय ती थंडी! टाकी मात्र रिकामी कराच, साचलेलं पाणी वास मारतं. नळ उघडे ठेवून पाइपातलंही काढा. पंप कोरडा चालवत बसू नका, जळेल. फ्रिज पुसून दारात टॉवेलची घडी अडकवा, नाहीतर आत बुरशी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, महिन्याला चार्जिंग. गॅस सिलेंडर बंद करून बाहेर काढा.
आणि खरा शत्रू उंदीर. शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरीचा तुकडा, काही आत ठेवू नका. वायरी गाडीच्या तळातून वर येतात ना, त्या भोकात भांड्याची तारेची घासणी कोंबा. कापूस कोंबाल तर उंदीर त्याचंच घरटं करेल.

जुळे सोलापूरकर: वरून प्लास्टिकची ताडपत्री घालू?

बाळीवेसकर: घट्ट गुंडाळू नका, आत दमट होतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, टायरवर पोती टाका. आपलं ऊन थंडीतही टायर सोडत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास गाडी हातभर पुढं ढकला.

जुळे सोलापूरकर: घासणी आजच आणतो.